एकशे चौदा वेळा

तंत्रज्ञ बाईंनी चित्र थांबवलं आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"हा हात कोणाचा?"

मामाने खुर्ची पुढे ओढली. करड्या, धुरकट चित्रात एक पलंग होता. पलंगावर डोक्यापासून पोटापर्यंत वायरी चिकटवलेली सहा वर्षांची पोर उताणी झोपली होती. मान मागे टाकलेली, तोंड उघडं. आणि चित्राच्या डाव्या कडेने एक हात आत आला होता. नुसता हात, माणूस चौकटीबाहेर. अंगठ्याचं नख अर्धंच होतं. ते नख पाहिल्यावर नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

"माझाच," मामा म्हणाला.

"काय करताय तुम्ही?"

"काही नाही. जरा हलवतोय तिला."

"कशासाठी?"

मामाला हा प्रश्नच कळला नाही. दुधाखालचा गॅस का बंद केलात, असं विचारल्यासारखा तो प्रश्न होता. उतू जात होतं म्हणून, दुसरं काय?

"श्वास अडकायला लागला होता," तो म्हणाला. "अडकायच्या आधी कळतं मला. घोरणं बारीक होतं, मग शिट्टीसारखं लागतं. तेव्हा हलवलं की ती कूस बदलते आणि सुटतो."

बाईंनी चित्र पुढे नेलं. हात आला, दोन बोटं खांद्यावर टेकली, पोर हलली, हात गेला. आणखी पुढे. हात आला, हात गेला. खाली रंगीत रेघा धावत होत्या आणि वर तो हात इतका शांतपणे ये-जा करत होता की त्या रात्री ड्युटीवर असलेल्या माणसाला काही खटकलं नाही, यात त्याची फारशी चूक नव्हती. मूल झोपलंय, घरचं माणूस थोपटतंय. त्यात खटकण्यासारखं काय आहे?

"सबंध रात्रीत किती वेळा आला ते मोजलंय मी," बाई म्हणाल्या. "एकशे चौदा वेळा."

मामा कसनुसं हसला. त्याला वाटलं, कौतुक चाललंय.

"हसू नका. सगळी तपासणी वाया घालवलीत तुम्ही."

बाई पन्नाशीच्या असाव्यात. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण पडद्याकडे बघताना त्यांचा चेहरा मऊ होत असे. त्यांनी रेघांवर पेन्सिल फिरवत समजावलं. लहान मुलाचे लागोपाठ दोन श्वास चुकले की त्याची एक नोंद होते. अशा नोंदी तासाला किती, यावर सगळा निकाल. मामाच्या भाचीचे दोन श्वास चुकायची वेळच आली नव्हती, कारण पहिलाच चुकतोय असं वाटलं की हात येत होता. म्हणून श्वास थांबल्याच्या नोंदी जवळपास नाहीत आणि झोप मोडल्याच्या मात्र ढीगभर. हेच कोडं डॉक्टरांना सुटेना, म्हणून त्यांनी सगळी रात्र पुन्हा बघायला सांगितली होती.

"मी सात तास बघितलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही पापणी मिटली नाहीत?"

मामाने खांदे उडवले. घरीही तो फार मिटत नसे, पण ते सांगायची गोष्ट आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

तो लिफ्ट दुरुस्त करत असे. शहरातल्या बेचाळीस इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे होत्या. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारणारे थकले, मग त्याचं त्यालाही कारण आठवेनासं झालं. दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीचा संसार मोडला, तिला दूर देशात नोकरी मिळाली आणि चार वर्षांची भाची त्याच्या दोन खोल्यांत येऊन पडली. आल्या दिवशी ती मधोमध उभी राहिली आणि ही पिशवी इथे, ती तिथे, असं बोटाने दाखवू लागली. तेव्हापासून तिचं नाव मुकादम. ती मामा म्हणे, म्हणून गल्लीतले सगळेच त्याला मामा म्हणू लागले, त्याच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा.

मुकादम घोरायची. एवढ्याशा देहातून एवढा आवाज! पहिल्या आठवड्यात मामाला हसू आवरेना. त्याने तो आवाज फोनवर टिपून बहिणीला पाठवला, तीही पोट धरून हसली. मग एका रात्री घोरणं मध्येच बंद पडलं. मामाने डोळे उघडले. पोरीची छाती हलत होती, पोट हलत होतं, पण हवा आत जात नव्हती. बंद दार कोणी आतून ढकलत राहावं तसं ते दिसत होतं. त्याने तिला गदागदा हलवलं. ती रडत उठली, अंथरूण ओलं झालं होतं, आणि तिला काहीच आठवत नव्हतं.

त्या रात्रीपासून दोन बोटं तिच्या खांद्यावर. दोन वर्षं. त्याच्या धंद्यात लिफ्ट बंद पडायची वाट बघत नाहीत. आवाज बदलला की हात घालतात. केबिनच्या छतावर उभं राहून, डोळे मिटून, नुसत्या कानाने बिघाड ओळखणारा माणूस तो. घरात तेच करू लागला. आणि जे काम आपल्याला चांगलं जमतं ते बरोबरच असणार, अशी माणसाची समजूत असते.

दिवसा तो कुठेही टेकला की डुलकी घेई. बरोबरचे लोक त्याला झोपाळू म्हणून चिडवत. घरात ही गोष्ट सांगायला कोणी नव्हतं आणि बाहेर सांगण्यासारखी ती वाटत नव्हती. पोर झोपल्यावर खोलीत तिचा श्वास आणि त्याचे उघडे डोळे, एवढंच जागं असे. कधीकधी त्याला इतकं एकटं वाटे की खालच्या रस्त्यावरून कोणी खाकरत गेलं तरी बरं वाटायचं.

शाळेतल्या बाईंनी शेवटी चिठ्ठी पाठवली. मुलगी एका जागी बसत नाही, बसली की चित्रावर डोकं ठेवून झोपते, कोणाला तरी चावलीसुद्धा. डॉक्टरांनी मुकादमचं तोंड उघडून बॅटरी मारली आणि हूं केलं. टॉन्सिल दोन्ही बाजूंनी इतके वाढले होते की मध्ये बोटभर फट. नाकाच्या मागेही गाठ वाढलेली असणार, असं ते म्हणाले. रात्रीची तपासणी करा, मग ऑपरेशनचं ठरवू. ती तपासणी झाली, आणि कागद आला की सगळं ठीक.

तो कागद बहिणीने फोनवर वाचला होता.

"बघ, उगाच घाबरवत होतास. मग मी तिकीट काढते. इथे शाळेचं झालंय, घराचं झालंय."

"अजून थोडं थांब. कागद बरोबर नाही."

"मशीन खोटं बोलतं का?"

"मला माहीत आहे ना. मी रोज बघतो."

पलीकडून ती हळूच म्हणाली,

"दादा, रागावू नकोस. तुला ती सोडवत नाहीये. मला कळतं ते."

तो रागावला नाही. रागवायला आतून नाही म्हणता आलं पाहिजे. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ मोरीत हात धूत उभा राहिला. पोरीचा श्वास अडकतो हे खरं. ती गेल्यावर या दोन खोल्यांत काय उरणार, हा विचार करवत नाही, हेही खरं. यातलं कोणतं खरं त्याला डॉक्टरांकडे पुन्हा घेऊन चाललं होतं, हे त्याला सांगता आलं नसतं. आपण मनातल्या मनात वाईट कागद यावा म्हणून वाट बघतोय की काय, असं त्याला वाटलं, आणि स्वतःची किळस आली.

आणि आता बाई सांगत होत्या की चांगला कागद त्याच्याच हाताने आला होता.

"एका बिल्डिंगमध्ये असंच झालं होतं," तो अचानक म्हणाला. "सातव्या मजल्यावर दार लागायचं नाही म्हणून तक्रार. मी चार वेळा गेलो, चारही वेळा दार छान. मग कळलं, वॉचमन दर वेळी हळूच लाथ मारून लावायचा. चांगल्या मनाने. मी त्याला एवढा झापला होता. म्हटलं, बिघाड माझ्यासमोर होऊ दे ना बाबा, नाहीतर मला सापडणार कसा?"

"मग?" बाई म्हणाल्या.

"मग काय. तो वॉचमन मीच."

बाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी कॅलेंडर ओढलं. पुढच्या गुरुवारी पुन्हा. एरवी त्या रात्रपाळीला नसायच्या, पण या वेळी स्वतः थांबणार होत्या.

"आणि तुम्ही खोलीत बसायचं नाही. माझ्याजवळ, काचेच्या या बाजूला. चालेल?"

मामाने मान हलवली. चालणार नव्हतं, पण हलवली.

गुरुवारी संध्याकाळी मुकादमने वायरी लावून घेताना सगळ्यांना कामाला लावलं. ही निळी कुठली, ती लाल कुठली, छातीचा पट्टा घट्ट का, पोटाला वेगळा कशाला. नाकाखालची नळी तिला मिशीसारखी वाटली आणि ती बाईंकडे भुवया उडवून बघू लागली. दिवा मंद झाल्यावर मात्र तिचा आवाज उतरला.

"मामा, तू कुठे झोपणार?"

"हा काय, काचेच्या पलीकडे."

"मग तिकडून हात पुरेल?"

"आज हाताला सुट्टी आहे."

मुकादमने विचार केला.

"अर्ज दिलाय का त्याने?"

"दिलाय. सही तेवढी बाकी आहे."

तिने वायरी सांभाळत हवेत बोटाने सही केली आणि डोळे मिटले.

काचेच्या या बाजूला दोन खुर्च्या, तीन पडदे आणि एक छोटा पंखा. बाईंनी डब्यातली दोन बिस्किटं त्याच्यापुढे ठेवली. पहिले तीन तास फार काही झालं नाही. घोरण्याची रेघ दाटून यायची, विरायची. तीन-चार ठिकाणी श्वासाची रेघ जेमतेम दोन श्वासांपुरती आडवी झाली आणि बाईंनी खुणा केल्या; मध्यरात्रीनंतर अशा छोट्या खुणा भराभर वाढत गेल्या. प्रत्येक वेळी मामाचा उजवा हात मांडीवरून उठला आणि त्याने तो पुन्हा मांडीखाली दाबून धरला.

"पहाटे वाढतं," बाई म्हणाल्या. "स्वप्नांच्या झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. तेव्हा नीट बघा."

पहाटे साडेचारला घोरणं बारीक झालं. बारीक, आणखी बारीक, शिट्टी. मामा उभा राहिला होता ते त्याला नंतर कळलं.

शिट्टी थांबली. वरची रेघ सरळ झाली. खाली छातीची रेघ वर जात होती तेव्हा पोटाची खाली येत होती. दोघं एकमेकांच्या विरुद्ध ओढत होती. कोपऱ्यातला रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा सत्त्याण्णववरून घसरू लागला. पंचाण्णव. ब्याण्णव.

"मॅडम."

"थांबा."

एकोणनव्वद. काचेपलीकडे पोरीची हनुवटी वर गेली, ओठ हलले, पण आवाज नाही. मामाचा हात दाराच्या कडीवर होता. कडी थंड होती. त्याने आजवर कधीच एवढं थांबून पाहिलं नव्हतं. पुढे काय होतं ते त्याला माहीतच नव्हतं; पुढे काहीच होत नसणार, असं तो दोन वर्षं धरून चालला होता.

"मॅडम, मी जातो आत."

"मामा, मी इथे आहे. तिला बघतेय मी. थांबा."

पंच्याऐंशी.

पोरीचं सगळं अंग एकदम दचकलं. मोठा, ओला, घुसमटलेला आवाज करत तिने हवा आत ओढली, पाय झाडले, कुशीवर वळली. रेघ उसळून वर आली. आकडा भराभर चढला, नव्वद, चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव. मुकादम तोंड हलवत, काहीतरी चघळल्यासारखं करत पुन्हा झोपून गेली.

"एकोणीस सेकंद," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

मामा कडी धरूनच उभा होता.

"कोणी उठवलं तिला?"

"कोणीच नाही. तिचं तिनेच. हवा कमी पडली की मेंदू हाक मारतो."

"दर वेळी?"

"दर वेळी. म्हणून तर तिची झोप रोज रात्री शंभर ठिकाणी फाटते. हृदयावर ताण, वाढीवर ताण, सगळं आहेच. ऑपरेशन हवंच आहे. पण हिचं म्हणाल तर, हो. तिचं ती उठतेय."

"म्हणजे मी नसतो तरी..."

बाईंना वाटलं त्याला धीर हवाय. त्या मान वर करून, आवाज मऊ करून म्हणाल्या,

"हो, तुम्ही नसतात तरी. अहो, उगाच जिवाला घोर लावून घेतलात."

मामा खुर्चीवर बसला. आधी त्याला आनंद झाला, खरा आनंद, डोळ्यांत पाणी आलं. पोर सुरक्षित होती. तो विसरला असता, झोपला असता, आजारी पडला असता, तरी ती सकाळी उठली असती. आणि त्या आनंदाच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, ज्याला त्याच्याजवळ नाव नव्हतं. दोन वर्षं नेमाने ज्या जागेवर नोकरी केली ती जागा कधी भरायचीच नव्हती, असं कोणीतरी सहज सांगून गेलं होतं.

"बिस्किट घ्या," बाई म्हणाल्या.

त्याने घेतलं. नंतर सकाळपर्यंत आणखी कितीतरी वेळा रेघ सरळ झाली आणि प्रत्येक वेळी काचेपलीकडची पोर एकटीच परत आली. शेवटी शेवटी तर त्याचा हात उठेनासा झाला.

नोंदी एकशे एकवीस भरल्या. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, मामांचा हात आणि आमचं मशीन यांत फक्त सातचा फरक आहे. हा मात्र कौतुकाचाच भाग होता, पण मामाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

बहीण आठ दिवसांत आली. विमानतळावरून थेट दवाखान्यात, बॅग ओढत. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली,

"मी काय काय बोलले रे तुला."

"जाऊ दे."

"खोटं वाटलं मला. तुझं नाही, म्हणजे..."

"जाऊ दे म्हटलं ना."

ऑपरेशन पाऊण तासाचं. मुकादम आत जाताना हिरव्या टोपीवाल्यांना सूचना देत गेली आणि बाहेर येताना इतकी रडली की दोन खोल्यांपलीकडचे लोक डोकावून गेले. घसा दुखे, पाणीसुद्धा नको म्हणे. आईस्क्रीमला मात्र तिची हरकत नव्हती. पहिल्या काही रात्री सूज असते, आवाज येईल, घाबरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तसा तो आला. बहीण रजा घेऊन आली होती. आतल्या खोलीत लेकीजवळ ती झोपू लागली आणि मामाचं अंथरूण बाहेरच्या खोलीत गेलं. साहजिकच होतं ते. त्यानेच स्वतः गादी उचलून आणली.

दहाव्या-बाराव्या दिवशी आवाज थांबला. सकाळी मुकादम स्वतःहून उठली, कोरड्या अंथरुणातून, तोंड मिटून, आणि न्याहारीला दोन वेळा मागून घेतलं. दुपारभर तिने सबंध चित्र रंगवलं आणि एकदाही त्यावर डोकं टेकलं नाही. डॉक्टरांनी घसा बघून पाठ थोपटली, त्यांची स्वतःची असावी अशा थाटात. सहा महिन्यांनी तिकडे पुन्हा एकदा तपासून घ्या, म्हणाले. "तिकडे" हा शब्द आता सगळेच सहज वापरू लागले होते. तिकिटं आली.

मामा बाहेरच्या खोलीत रात्री जागा होई. काही कारण नसताना. दोन बोटं भिंतीवर टेकलेली असत. तो ती मागे घेई, कूस बदलत असे, आणि भिंत त्याच्या पाठीमागे तशीच राही. कामावर मात्र तो आता डुलक्या घेत नसे, आणि बरोबरच्यांना वाटलं मामांची तब्येत सुधारली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो बॅग भरत बसला होता. मुकादम जेवून आत झोपली होती. तिचे फ्रॉक त्याने मांडीवर घेतले होते; लिफ्टच्या वायरी गुंडाळणारे हात, घड्या मात्र नीटस पडत होत्या. बहीण दारात येऊन उभी राहिली.

"दादा."

"काय गं?"

"हिचा आवाजच येत नाही."

"येणार नाहीच. म्हणून तर एवढा खटाटोप केला."

"ते कळतं मला." ती आत एकदा बघून पुन्हा वळली. "काल रात्री तीनदा उठले मी. नाकाखाली बोट धरून बघितलं. परवा पाच वेळा. आता शेजारी बसले होते तर मध्येच वाटलं, थांबला. ऑपरेशनच्या आधी निदान ऐकू तरी यायचं."

त्याने वर पाहिलं. बहिणीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत होती. मामाला ते ओळखीचं होतं.

"बाईंनी सांगितलं मला," ती म्हणाली. "एकशे चौदा वेळा. मला शिकव ना दादा. हात कुठे ठेवायचास? तुला कशावरून कळायचं? तिकडे मी एकटीच असणार. रात्री कोणाला विचारू?"

दोन वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. एका क्षणात सगळं ओठांवर आलं. खांद्याच्या मागच्या बाजूला, गळ्याजवळ नाही, दोनच बोटं, जोर न देता. थंडीत कुठली कूस, सर्दीत कुठली. झोपल्यावर पहिल्या तासात काही नाही, पहाटे सांभाळायचं. तास-दोन तास बोलता आलं असतं. आणि मग ती तिकडून रोज रात्री फोन करेल, हेही त्याला दिसलं. दादा, असं वाटतंय, काय करू? रोज रात्री. वर्षानुवर्षं. नुसत्या कल्पनेनेच त्याला बरं वाटलं.

ती अजून बोटं चोळत होती. त्याने मांडीवरचा फ्रॉक उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

"काही नसायचं गं," तो म्हणाला. "झोपेत पडायचा हात. अंथरूण केवढंसं होतं आमचं."

"एकशे चौदा वेळा?"

"नवी जागा होती ती. मला झोप येईना, म्हणून आपला चाळा. त्या बाई उगाच मोजत बसल्या."

"आणि इतर वेळी? दोन वर्षं?"

"दोन वर्षं काय? ती घोरायची, मी घोरायचो. विचार हवं तर मुकादमला."

बहीण त्याच्याकडे बघत राहिली. बघता बघता तिचे खांदे खाली आले. ती हसली, आणि त्या हसण्यात सुटकेबरोबर थोडी निराशाही होती. इतके दिवस ती ज्याचे उपकार फेडायचे कसे या विचारात होती, तो भाऊ तिच्यासारखाच साधा, झोपणारा माणूस निघाला होता.

"आणि मी काय काय समजत होते तुला," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. म्हणजे तू काही करायचा नाहीस?"

"श्वास तिचा आहे. तिचं ती घेते. मी काय करणार?"

"खरंच ना?"

"खरंच. जा, तूही पड तासभर. बॅग मी भरतो."

ती आत गेली. मामाने पुढचा फ्रॉक मांडीवर घेतला. आत खाट एकदा करकरली, उशी सारखी केल्याचा आवाज आला. मग आतून दोघींपैकी कोणाचाच आवाज आला नाही.